हारुबाईची बिनडोळ्यांची पोरं

लाकडाला पहिली पटाशी लावायच्या आधी हारुबाई लाकडाची माफी मागायची. गुडघे टेकून बसायची, दोन्ही तळवे मांडीवर, मान खाली, आणि म्हणायची, "शित्सुरेई शिमासु." मी विचारलं, हा काय मंत्र? तर म्हणाली, मंत्र नाही. आमच्या जपानात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना असं म्हणतात. आत येते, तुम्हाला त्रास होणार, माफ करा. मी जन्माचा सुतार. दसऱ्याला हत्यारांना हळदकुंकू लावतो, पण लाकडाला कधी विचारलं नाही की बाबा, कापू का तुला. म्हटलं, बाई येडी आहे. पुढे पाच-सहा महिने तिच्याबरोबर काढले तेव्हा कळलं, येडी नव्हती. तिला खोटं वागता येत नव्हतं. त्यालाच लोक येडं म्हणतात.

मला तिच्याकडे मुबीनभाईंनी पाठवलं. मुबीनभाई म्हणजे माझे मालक, आमच्या रत्नागिरीकडचेच, कुवेतमध्ये त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वयाने माझ्याहून लहान, पण मला कधी नुसतं नावाने हाक मारली नाही. म्हणाले, "तात्या, सबाह अल-सालेमला एक बंगलो हाय. उम्म नासरचा. तिनं जपानवरनं मूर्ती करनारी बाय बोलवलीय. लाकडा जहाजातनं आलीत. तू जा, काय लागल ता बघ. बाय जरा इरसाल हाय म्हनतात, सांभाळून." उम्म नासर म्हणजे नासरची आई. इथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, पुरुषालाही. ही श्रीमंत बाई. बंगल्याच्या मागे तिने एक मोठा हॉल बांधला होता, त्यात देशोदेशीच्या वस्तू ठेवायच्या होत्या. त्या हॉलसाठी जपानी बाईने सात मुलं कोरायची, असं ठरलेलं.

मी ओंडके उतरवले. अंगणात मागच्या बाजूला कोणीतरी उकिडवं बसून मुंग्या बघत होतं. निळी ढगळ विजार, केस कानापर्यंत सरळ कापलेले, अंगकाठी लहानशी. मी म्हटलं, "बेटी, मॅडम किधर है?" ती वळली. साठीची म्हातारी. तोंडभर सुरकुत्या. उठली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बेटी भी मैं. मॅडम भी मैं." तिचं नाव हारुए. पुढचं आडनाव लांबलचक, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मी हारुबाई म्हणायला लागलो. तिने मला तात्या-सान केलं. लाकडं यायच्या आधी ती वर्षभर कुवेतमध्येच होती, हिंदी तेव्हा कामगारांकडून शिकली, त्यामुळे पुरुषासारखी बोलायची. मैं जाएगा, मैं खाएगा. सुधारायला गेलो तर म्हणायची, "लकडी समझता है, बस."

ते लाकूड कापराच्या झाडाचं. करवत लावली की खोलीभर कापूर. देवळात आरती संपल्यावर येतो ना वास, तसा. तिची करवत ओढताना कापायची. इथे सगळीकडे रेटायची करवत, मीही तीस वर्षं रेटूनच कापलेलं. पण माझा बाप जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून, ओढीच्या करवतीने कापायचा. हारुबाई तशीच बसायची, तशीच पायाने धरायची. पहिल्या दिवशी ते बघून कळलं, मी बापाला विसरून गेलो होतो. म्हणजे बाप मेला हे लक्षात होतं, बाप कसा बसायचा ते नव्हतं.

आता तिची पोरं सांगतो. लोकांना वाटतं लहान मुलाची मूर्ती म्हणजे गोबरे गाल, हसरं तोंड. हारुबाईची पोरं तशी नव्हती. डोकं मोठं, खांदे पडलेले, हात अंगाला चिकटलेले, आणि तोंडावर ना हसू ना रडू. डोळ्यांच्या जागी गुळगुळीत. डोळेच नाहीत. मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "बाई, ही पोरं आहेत का भुतं? उम्म नासर पैसे देऊन अशी आंधळी पोरं घेणार?" तिला राग आला नाही. ढलप्या गोळा करत म्हणाली, "तुमको मीठा बच्चा मांगता. बच्चा मीठा नहीं. बच्चा अकेला." मी म्हटलं, मग निष्पाप वगैरे म्हणतात ते? तर म्हणाली, "निष्पाप माने क्या? उसको अभी किसी ने बताया नहीं. बस."

दुसरं तिचं एक बोलणं होतं. प्रत्येक मूर्ती ती मागून फोडून आतून कोरायची, डोक्यापासून कमरेपर्यंत पोकळ करायची, मग सांधा बसवून बंद करायची. मला वाटलं वजन कमी करायला. ती म्हणाली, भरीव ठेवलं तर सुकताना तडा जातो. "अंदर खाली रखो, तात्या-सान. नहीं तो फट जाएगा." ती लाकडाबद्दलच बोलत होती. मी मात्र त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये बाहेर बघत बसलो आणि माझा स्टॉप मागे राहिला.

कारण घरी इंदू आजारी होती. इंदू म्हणजे माझी बायको. एका क्लिनिकमध्ये साफसफाईला होती, बावीस वर्षं. रिग्गई भागात आमच्या दोन खोल्या. पोटात गाठ निघाली तेव्हा पार उशीर झालेला. हॉस्पिटलात एक पुण्याची डॉक्टरीण होती, पोरगी भली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, खरं सांगू का? आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे." मी म्हटलं, गावी नेतो. म्हणाली, विमानात टिकायच्या नाहीत त्या.

तेव्हा इंदूला घरी एकटीला सोडवेना. मी हारुबाईला विचारलं, बायकोला दिवसभर इथे आणून बसवू का. तिने स्वतःची गादी काढून खिडकीखाली घातली. आठवडाभर इंदू तिथे पडून कापराचा वास घेत होती. सहावी मूर्ती संपत आली होती, मुलीची. एका दुपारी इंदू उठून बसली आणि म्हणाली, "अहो, नाक बघा. सुमीचं नाक."

सुमन आमची मुलगी. एकच. मी कुवेतला आलो, मागनं इंदूला आणलं, तेव्हा सुमी तीन वर्षांची. तिला माझ्या आईजवळ गावी ठेवलं. चार पैसे जमले की आणू म्हणालो. पाच वर्षांची असताना तिला इंगळी चावली, काळा मोठा विंचू. पत्र आलं तेव्हा तिचे दिवस होऊन गेले होते. तेव्हाच्या मालकाकडे पासपोर्ट, जायला मिळालं नाही, आणि जाऊन तरी काय करणार होतो. तिचा एकच फोटो होता आमच्याकडे, ट्रंकेत. पुढच्या साली इराकी फौज कुवेतमध्ये शिरली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बस धरून जॉर्डनला पळालो. युद्ध संपल्यावर परत आलो तर खोलीला दारसुद्धा नव्हतं. ट्रंक नाही, फोटो नाही. गावी दुसरा फोटो काढलेलाच नव्हता.

क्लिनिकमध्ये कुवेती बाया इंदूला विचारायच्या, तू कोणाची आई? उम्म कोण? ती सांगायची, उम्म सुमन. बावीस वर्षं तिथे तिला सगळे उम्म सुमन म्हणायचे. मला कुणी विचारलं, अबू कोण, म्हणजे तू कोणाचा बाप, तर मी म्हणायचो, कोणी नाही. तिला एकदा म्हटलं, मेलेल्या पोरीचं नाव कशाला लावतेस गो? तर म्हणाली, "आई झाले होते ते खोटं होतं काय?"

तर त्या दुपारी ती त्या मूर्तीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावू नका. मला सुमीचा चेहरा आठवत नाही. नाक आठवलं, तेसुद्धा आत्ता. बाकी काही येत नाही. किती डोळे मिटले तरी येत नाही. तुम्हाला आठवतो ना?"

मी म्हटलं, "आठवतो."

मला आठवत नव्हता. दहा वर्षं झाली असतील, मला काहीच येत नव्हतं. पोरगी म्हणून डोळ्यासमोर आणायला गेलं की कुठल्याही पोरीचं तोंड यायचं. पण मरायला टेकलेल्या बायकोला काय सांगू, आपल्या दोघांतही ती उरली नाही म्हणून?

ती एकदम खुश झाली. "मग ह्यांना सांगा ना तुम्ही. तुम्ही सांगाल तशी ह्या घडवतील. एकदा बघते तिला आणि जाते."

दुसऱ्या दिवशी हारुबाईला सगळं सांगितलं. फक्त मला आठवत नाही, ते सोडून. तिने विचारलं, "फोटो?" म्हटलं, नाही. "तो बोलो. मैं सुनेगा." हत्यार खाली ठेवून समोर बसली. मी बोलायला लागलो. सुमी चिंच खायची आणि चिंचोके फडताळात लपवायची. उजवं पाऊल आत टाकून चालायची. दंडावर देवीची खूण होती. पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर बसून, मला ओढा म्हणायची. मी घरातून निघालो तेव्हा मागे आली नाही, दारापुढच्या खळ्यातच उभी राहिली. अर्धा तास बोललो. हारुबाई म्हणाली, "चेहरा?" मी परत चिंचोके सांगायला लागलो.

तिने मला हाताने थांबवलं. मग म्हणाली, सुमीची मूर्ती करणार नाही. सातवं मूल बाकी होतं, त्याचं पाऊल आत वळवेल, दंडावर खूण करेल, पण चेहरा करणार नाही. "मैं चेहरा बनाएगा तो मेरा बच्चा होगा. तुम देखेगा, बोलेगा हां हां, यही. फिर असली वाला कभी नहीं आएगा."

मी चिडलो. इतका चिडलो की मराठीतच सुरू झालो. "तुझं काय जातं? सात पोरं करतेस त्या शेठाणीसाठी. एक माझी कर! बायको मरतेय माझी. खोटी तर खोटी, दे ना!" तिला शब्द कळले नसतील, पण ऐकलं सगळं. मान खाली घालून ऐकलं. मग पटाशी उचलली आणि सातव्याचं पाऊल करायला बसली.

थंडी पडली. इंदूला आता उठवतही नव्हतं, घरीच असायची. बिल्डिंगमधल्या बायका आळीपाळीने बसायच्या. सातवी मूर्ती तयार झाली, पाऊल वळलेलं, दंडावर खूण, गाल घासून गुळगुळीत केलेले. डोळ्यांची जागा कोरी. त्याच आठवड्यात उम्म नासर हारुबाईला घेऊन वाळवंटात गेली. हिवाळ्यात कुवेती लोक तंबू ठोकून राहतात तिकडे. तीन-चार दिवस येणार नव्हत्या. आणि डॉक्टरीण घरी येऊन इंदूला बघून म्हणाली, "काका, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

कुणाला बोलवू? एकच होती बोलवायची.

कामाच्या खोलीची चावी माझ्याकडे असायची. हारुबाईला फोन लावला, लागला नाही. तिथे रेंज नाही. खरं तर लागला नाही म्हणून मला बरंच वाटलं. वर्कशॉपची पिकअप घेतली, सातवी मूर्ती ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि घरी आणली. जिन्यात खालच्या मजल्यावरचे केरळी चाचा भेटले. खांद्यावर ब्लँकेट, खाली दोन पाय दिसतात. त्यांनी विचारलं, "बच्चा बीमार है क्या?" मी म्हटलं, हां.

आता मी काय केलं ते सांगतो, लाज सोडून सांगतो. इंदूला डोळा लागला होता. मूर्ती टेबलावर ठेवली. बिनडोळ्यांची. अशी कशी दाखवू? आमच्यात मूर्ती डोळे उघडल्याशिवाय पुरी होत नाही. माझा बाप श्रावणात गणपतीच्या शाळेत कामाला जायचा. कोकणात गणपती घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात, आणि मी शेवटपर्यंत शिकलो ती तेवढीच एक शाळा. बाप डोळे आखायचा. सगळा रंग झाला की शेवटी डोळे, श्वास रोखून, एका दमात एक रेघ. मला त्याने हाताला धरून शिकवलं होतं. पन्नास वर्षांनी तो हात चालला. काळा रंग, बारीक ब्रश. वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका. हात हलला नाही. मला वाटलं, देवाने हात धरलाय.

इंदू जागी झाली तेव्हा मूर्ती तिच्या उशाशी आणली. दिवसाचा उजेड होता, पडदा सारला. म्हटलं, "इंदू, बघ गो. सुमी आलीय."

ती बघत राहिली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. ती घाबरली नाही, चिडली नाही. माझी कीव आली तिला. म्हणाली, "अहो, हा तर गणपती."

मी मूर्तीकडे पाहिलं. खरंच. लांब, रुंद, कोपऱ्यापर्यंत ओढलेले, कुठूनही बघा, तुमच्याकडे बघतात असे. मला दुसरे डोळे काढताच येत नाहीत. बापाने देवाचेच शिकवले.

"हे देणाऱ्याचे डोळे आहेत," इंदू म्हणाली. "घे बाबा, काय हवं ते घे, म्हणणारे. सुमी अशी बघायची का? ती सारखी मागायची. बघायची तेव्हा मागायचीच. काढा ते. पाया पडते, काढा."

मी चाकू घेतला, पण हात लावायचा धीर होईना. रंग लाकडात शिरलेला. खरवडलं तर खड्डा पडणार, आणि मूर्ती माझी नाही. नोकरी जाईल, पोलीस येतील, मुबीनभाईंचं नाव जाईल, हे सगळं तेव्हा सुचलं. पण खरी भीती दुसरीच. इंदू आता जाईल आणि जाताना हेच तोंड बघून जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. हारुबाई. एक दिवस आधीच परतलेली, वाळवंटातली धूळ अंगावर तशीच. खोलीत सहाच पोरं दिसली तेव्हा तिने कोणाला काही विचारलं नाही, उम्म नासरच्या ड्रायव्हरला माझा पत्ता शोधायला लावून थेट आली. बूट काढले, आत आली, इंदूला वाकून नमस्कार केला. मग मूर्तीसमोर बसली. मी कोपऱ्यात उभा, हात जोडून. ती ते डोळे बघत होती, पार जवळ जाऊन, नाक लावून.

"लाइन बहुत अच्छा," ती म्हणाली. "कौन सिखाया?"

"बाप."

"बाप अच्छा. बच्चा गलत."

आणि इंदू हसली. तिच्या पोटातून हसू निघालं आणि दुखलं तिला, तरी हसली. "बरोबर बोलली ही," म्हणाली. "मीसुद्धा काल हेच बोलले."

हारुबाई उठली, इंदूच्या उशाशी बसली आणि आपल्या बोटांनी तिचे डोळे मिटले. तिचा हात उचलून मूर्तीच्या तोंडावर ठेवला. म्हणाली, "आँख नहीं. हाथ को पूछो."

पहिल्यांदा तो हात नुसताच पडून होता. मग अंगठा हलला. मी बघत होतो, माझ्या डोळ्यांदेखत तो अंगठा काजळ घालायला लागला. पोरीला काजळ घालताना आई डोळे कुठे बघते? एका हाताने हनुवटी धरलेली, पोर तोंड फिरवणार, अंगठ्याला सगळं ठाऊक असतं. इंदूचा अंगठा माझ्या रेघेवरून गेला, थांबला, खाली आला. "इथे नाही. खाली. आणि आत. आत होते तिचे डोळे."

हारुबाईने आपली सगळ्यात बारीक पटाशी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तू कर. ती म्हणाली, "मैं नहीं. मैं मिला नहीं उसको." मग मूर्तीसमोर आम्ही दोघं बसलो. मी बापाची रेघ कापली. ढलपी काळी निघाली. इंदू मिटल्या डोळ्यांनी बोट फिरवायची आणि सांगायची. जास्त झालं. इकडे थोडं. भुवई एवढी वर नव्हती. एकदा म्हणाली, इथे भरलेलं होतं, आणि मी हारुबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "लकडी वापस नहीं आता." मी इंदूला सांगितलं, इथे चुकलं, आता भरता येणार नाही. ती म्हणाली, राहू दे, आपलं कुठे सगळं बरोबर झालंय.

दुपारी एक डोळा झाला. तिचं दुखण्याचं औषध संपलं होतं म्हणून मी ते आणायला क्लिनिकमध्ये गेलो. तासाभराने आलो तर दोघी होत्या तशाच, हारुबाईच्या हातात इंदूचा हात. संध्याकाळच्या आत दुसरा डोळा केला. बुबुळ नाही, रंग नाही. नुसता लाकडातला खळगा, कडेला थोडी पापणी. इंदूने दोन्ही अंगठे त्यात ठेवले. बराच वेळ ठेवले. म्हणाली, "हीच. हीच गो बाय माझी." मग डोळे उघडून माझ्याकडे वळली. "तुम्हाला आठवते ना? हीच ना हो?"

मी म्हटलं, "हीच."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानला इंदू गेली.

तिला विमानाने गावी नेलं. तेरावा करून मी परत आलो, कारण गावच्या रिकाम्या घरात एकट्याने काय करायचं हे मला कळत नव्हतं. परत आलो तर हारुबाई जायला निघालेली. सातवी मूर्ती तिने हॉलमध्ये तशीच ठेवली होती, माझ्या कापण्यासकट. काही सुधारलं नव्हतं. उम्म नासरला काय सांगितलं देव जाणे, मला कोणी जाब विचारला नाही.

तिच्या पेटीला मी खिळे मारत होतो. न राहवून म्हटलं, "हारुबाई, मी खोटं बोललो. मला सुमीचं तोंड आठवत नव्हतं. दहा वर्षं झाली. इंदूला फसवलं मी."

ती म्हणाली, "मालूम."

"कसं मालूम?"

"इंदू बोला. तुम दवाई लाने गया, तब. बोला, आदमी भूल गया है. उसको मत बोलना कि मैं जानता."

मी हातोडा खाली ठेवला. इंदूला कळलं होतं. मग ती 'हीच' म्हणाली ते काय होतं? अंगठ्याला खरंच सापडली होती पोरगी? की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, जसं मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो? मी हारुबाईच्या दोन्ही खांद्यांना धरलं. म्हटलं, "सांग. खरं म्हणाली का ती? तू तिथेच होतीस. तुला दिसलं असेल. सांग, हां बोल."

हारुबाईने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागायचा, लहान मुलाला लागतो तसा. मग म्हणाली, "मालूम नहीं."

एवढं एक 'हां' म्हणाली असती तर तिचं काय गेलं असतं? एका म्हाताऱ्याचं पुढचं आयुष्य झालं असतं त्यावर. मी तिला वाट्टेल ते बोललो. दगड म्हणालो. तुझी पोरं आंधळी आणि तू पण, असंही म्हणालो. ती ऐकत होती. गाडी आली. तिने वाकून नमस्कार केला, मी केला नाही. गाडी गेल्यावर फाटकापर्यंत धावलो, तोवर ती वळून गेली होती.

यंदा मुबीनभाईंच्या फोनवर निरोप आला, हारुबाई तिच्या गावी वारली. फुफ्फुसाचं काहीतरी. मुबीनभाई म्हणाले, "तात्या, तुझी येडी गेली रे." मी म्हटलं, होय. मला रडू आलं नाही. इंदूच्या वेळी पण आलं नव्हतं. आतून पार रिकामं आहे, तडा जायला काही उरलंच नाही.

मग गेल्या महिन्यात उम्म नासरकडून बोलावणं आलं. हॉल लोकांसाठी उघडायचा होता. तिची एक लेबनानी सेक्रेटरी बाई होती, हातात कागद. सहा पोरांखाली लिहायला काही नव्हतं, हारुबाईने तसंच सांगून ठेवलं होतं. सातवीखाली मात्र लिहून गेली होती, सुताराला विचारा. सेक्रेटरी इंग्रजीत म्हणाली, घरी येणारे पाहुणे या सातव्या मुलीपाशीच जास्त थांबतात. विचारतात, ही कोण? खरी मुलगी होती का? "मिस्टर, तुमची मुलगी आहे का ही? नाव सांगा, आम्ही पाटी लावू. कायमची."

मी मूर्तीपुढे उभा राहिलो. पाऊल आत वळलेलं. दंडावर खूण. डोळे खोल, एक माझ्या चुकीने जरा जास्तच खोल. तीस वर्षांहून जास्त, अबू कोण, असं कोणी विचारलं की मी कोणी नाही म्हणत आलो होतो. आज तोंडात नाव आलं होतं. हां म्हणायचं, की भिंतीवर सुमन लिहिलं जाईल, माझ्या मागे राहील, आमच्या दोघांची होती म्हणून. मी ते तोंड बघत होतो. किती बघितलं तरी ते तोंड मला कोणाचं म्हणून ओळखू येत नव्हतं. ज्या अंगठ्यांना ठाऊक असलंच तर असेल, ते गावी जळून गेले.

"नो नेम?" सेक्रेटरी म्हणाली. "युवर डॉटर, यस ऑर नो?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिला मराठी कळत नव्हतं. मी हिंदीत परत सांगितलं, मग इंग्रजीत. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली.